मोजणीला नाव देताना

काशीच्या दुर्गाघाटाकडील जुन्या मराठी घरांतून पोथ्यांची कपाटे असावयाचीच. आमच्याकडील सात कपाटांतील ग्रंथ एका ग्रंथालयास द्यावयाचे ठरले, तेव्हा यादीचे काम नुकतेच प्रोग्रामिंग शिकू लागलेल्या माझ्या नातीने अंगावर घेतले. प्रत्येक कपाट आणि त्यातील चार खण क्रमाने घ्यावयाचे, म्हणजे एकात एक अशी दोन आवर्तने आली. त्यांना लूप म्हणतात. मोजणी कोठवर आली हे ध्यानात ठेवणाऱ्या चलांना तिने पुस्तकाबरहुकूम ‘आय’ आणि ‘जे’ ही नावे दिली. महिन्याने त्यात फेरफार करू गेली, तो आय कपाटाचा की खणाचा, हे तिलाच आठवेना. अदलाबदल झाली आणि छापून आले : ‘कपाट २, खण ६’. सहावा खण आमच्या एकाही कपाटाला नाही! यंत्राने मात्र ते बिनतक्रार छापले. पोथ्या एकदा घराबाहेर पडल्या असत्या, म्हणजे कोणती कोठली हे सांगणारे कोणी उरले नसते.

“पण आजोबा, सगळेच आय लिहितात!” ती म्हणाली. खरेच आहे. क्रम दाखविण्यास गणितज्ञ ते अक्षर पूर्वीपासून वापरीत. १९५७ च्या फोरट्रान भाषेने तर आय ते एन या अक्षरांनी आरंभ होणारी नावे पूर्णांकांचीच मानली.

मी तिच्यापुढे भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ ठेवले. विदर्भातून काशीस आलेल्या घराण्यातील कृष्णदैवज्ञांनी ज्यावर टीका लिहिली, तोच हा बाराव्या शतकातील ग्रंथ. त्यात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे आहेत; लिहिताना नुसते या, का, नी, पी. रंग एकमेकांहून निराळे दिसतात, परंतु राशी कशाची हे सांगत नाहीत. आय-जेंचीच ती थोर भावंडे म्हणा ना! मात्र माणके, नीलमणी आणि मोती यांच्या उदाहरणात आचार्यांनी त्या रत्नांचीच आद्याक्षरे घेतली आहेत. नातीने ते पान दोनदा वाचले.

पायथॉन भाषा २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नावेही स्वीकारते. तिने सरळ ‘कपाट’ आणि ‘खण’ लिहिले, आणि यादी पुन्हा काढून कपाटांशी ताडून पाहिली. आडवी रेघ छापणाऱ्या दोन ओळींच्या आवर्तनात तेवढा आय तसाच ठेवला आहे. तेथे तो मलाही खटकत नाही.