‘पुरे’ म्हणणे हीसुद्धा सेवाच



आमच्या बेळगावात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शाळांना सुट्टी लागते, ती मे महिन्याच्या अखेरीपर्यंत. शिक्षिकेला सुट्टी म्हणजे आराम, असा पुष्कळांचा समज आहे. ज्यांच्या घरात शिक्षिका आहे, त्यांचा तो नाही. वर्षाचे तिखट, गव्हाला ऊन, मुलांचे दुखणारे दात, लग्नांची आमंत्रणे, माहेरची फेरी, सगळे ‘सुट्टीत बघू’ म्हणून मागे टाकलेले असते. त्यात आमच्या पॅरिशचे दहा दिवसांचे उन्हाळी शिबिर. त्यातला हस्तकलेचा तास गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मिस्सा संपल्यावर बायका विचारतात, “टीचर, घर आणि हे, तुम्हाला दोन्ही जमते कसे?” खरे उत्तर असे, की सगळे जमत नाही. काय धरायचे आणि काय सोडायचे, हे दर वर्षी नव्याने ठरवावे लागते. हे ठरवताना ज्या वचनांचा मला आधार झाला, ती आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी शिबिराविषयी. पहिली ते सातवीची चाळीस-पंचेचाळीस मुले येतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कोकणी, कुणाच्या कन्नड. सकाळी साडेनऊला प्रार्थना आणि गीते, मग बायबलमधील गोष्ट, मग माझा तास. विकतचे सामान आम्ही जवळजवळ आणतच नाही. जुन्या लग्नपत्रिका, रद्दी, करवंट्या, शिंप्याकडच्या चिंध्या, आणि वडगाव-शहापूरच्या मागांवर उरलेल्या सुताची गुंडाळी. डिंकाऐवजी मैद्याची खळ, चिमूटभर तुरटी घालून. ही खळ आदल्या रात्री माझ्याच गॅसवर शिजते, भाताच्या पातेल्याशेजारी. एका संध्याकाळी माझे यजमान उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून दमून आले आणि झाकण उघडून म्हणाले, “आज खीर?” त्या दिवसापासून खळीच्या पातेल्याला लाल दोरी बांधलेली असते.

माझी धाकटी चौथीत आहे, मोठा नववीत. जेवण झाल्यावर जमिनीवर कात्र्या आणि कापड पसरले, की धाकटी येऊन बसते. तिने कापलेला चौकोन कधीच चौकोन नसतो. मी वर्गात एक नियम ठेवला आहे, तोच घरातही चालतो: मुलाच्या हातचे वाकडे, ते आपण सरळ करायचे नाही. शाळांत ‘प्रोजेक्ट’ म्हणून जे जमा होते, त्यातले कितीतरी आयांनी रात्री जागून केलेले असते, नाहीतर दुकानातून विकत आणलेले. ते नीटनेटके असते आणि त्यात मूल कुठेच नसते. आईची झोप जाते, मुलाचे शिकणे जाते. शिबिरातल्या वस्तू कुणी पाहिल्या, तर पटकन नाक मुरडेल. पण ज्याने ती केली, तो घरी जाऊन सांगतो, “हे मी केले.” ते खरे असते.

या वर्षी आम्ही वाकळ करायला घेतली. प्रत्येक मुलाने एक चौकोन शिवायचा, सगळे जोडायचे, आतून जुन्या सुती साड्यांचे थर द्यायचे, आणि वाकळ वृद्धाश्रमात नेऊन द्यायची. मला शिवण येते, पण वाकळ घालणे हे माझ्या सासूबाईंचे काम. त्यांच्या हातच्या वाकळी आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे आहेत. अडचण एवढीच, की त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. ऑपरेशनची तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळालेली. दिवसभर त्यांना घरी एकटे ठेवून शिबिराला जाणे मला जड जात होते, म्हणून मी म्हटले, “आई, तुम्हीच चला ना, मुलांना टाका घालायला शिकवा.” त्या म्हणाल्या, “अगं, मला सुई दिसत नाही, मी काय शिकवू?”

तरी आल्या. खुर्चीत बसल्या. दुसरीतला एक मुलगा, कुणाशी फारसा न बोलणारा, त्यांच्यापुढे सुई-दोरा घेऊन उभा राहिला. त्यांनी त्याला म्हटले, “बाळा, तू ओवून दे, मग मी दाखवते.” त्याने जीभ बाहेर काढून, चार वेळा चुकून, दोरा ओवला. मग त्यांनी बोटांनी कापड चाचपत धावदोरा घातला, जवळ जवळ, एकसारखा. डोळे त्याचे, हात त्यांचे. पुढचे सगळे दिवस तो त्यांचा सुई ओवणारा झाला. “आजी, दोरा संपला का?” असे तो दर पाच मिनिटांनी विचारी. वर्षभर ‘मी आता कुणाच्या उपयोगाची नाही’ म्हणणाऱ्या सासूबाई सकाळी आठलाच पदर खोचून तयार असत.

निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देव बसालेलला निवासमंडपाच्या कामासाठी नावाने निवडतो, कारागिरीसाठी त्याला आपल्या आत्म्याने भरतो आणि अहलियाबला त्याच्या जोडीला देतो. सोने, लाकूड, विणकाम, सगळे देवाने दिलेले कौशल्य. पुढे पस्तिसाव्या अध्यायात स्त्रिया येतात. त्यांनी हातांनी निळे, जांभळे, किरमिजी सूत कातून आणले, काहींनी बकऱ्यांचे केस कातले. त्यांची नावे लिहिलेली नाहीत, पण त्यांचे सूत देवाच्या मंडपात आहे. हे मुलांना सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, “टीचर, त्यांची मुले तेव्हा कुठे होती?” मला उत्तर देता आले नाही. पण वाळवंटात तंबूत राहणाऱ्या त्या आया चरखा नसतानाही चातीवर सूत काढत असतील, तेव्हा कडेवर किंवा पायाशी मूल असणारच, असे मला वाटते.

याच पुस्तकात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या आपण सहसा वाचून पुढे जातो. पहिली: बसालेलला काम सांगून होताच, त्याच एकतिसाव्या अध्यायात लगेच शब्बाथाची आज्ञा येते. म्हणजे देवाच्या मंडपाचे काम असले, तरी सातव्या दिवशी तेही थांबायचे. दुसरी छत्तिसाव्या अध्यायात: लोक रोज सकाळी इतके आणू लागले, की कारागिरांनी मोशेला सांगितले, गरजेपेक्षा जास्त होते आहे. तेव्हा मोशेने छावणीत दवंडी पिटवली की आता कोणी आणू नये, आणि लोकांना थांबवले. देवाच्या कामातसुद्धा ‘पुरे’ हा शब्द आहे.

शिबिराच्या आठव्या दिवशी मला तो शब्द लागला. वाकळ अर्धीच झाली होती आणि मुले रंगात आली होती. काही पालकांनी सुचवले, आणखी एक आठवडा घ्या. फादरांनीही विचारले. पण तो आठवडा सासूबाईंच्या ऑपरेशनचा होता. ऑपरेशननंतर डोळ्यांत दिवसातून सहा वेळा थेंब, काळा चष्मा, वाकायचे नाही, डोक्यावरून पाणी नाही. शिवाय माझ्या मोठ्याला सुट्टीभर मी फक्त पाठमोरी दिसत होते. मी फादरांना म्हटले, “फादर, या वर्षी माझ्याकडून इतकेच.” ते म्हणाले, “बरोबर आहे.” कुणाला थोडे वाईट वाटले असेल. पण पॅरिशमधली कॉलेजात शिकणारी एक मुलगी पुढे आली आणि तिने तीन दिवस मुलांना घेऊन चौकोन जोडले. मी तिथे बसून राहिले असते, तर ती पुढे आली नसती.

आपल्याकडे बायकांना मार्था आणि मरीया यांची गोष्ट फार ऐकवली जाते. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू मार्थेच्या स्वयंपाकाला नावे ठेवत नाही. ती पुष्कळ गोष्टींनी काळजीत आणि दगदगीत आहे, हे तो तिच्या नजरेस आणतो. काम तेच, पण मन कशाने भरले आहे, हा त्याचा प्रश्न.

पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामगार संत योसेफाचा सण म्हणून ठरवला. तो नेमका आमच्या सुट्टीत येतो. मार्कच्या सहाव्या अध्यायात लोक येशूला ‘सुतार’ म्हणतात. म्हणजे नाझरेथात त्याने हातात हत्यार धरले होते, आणि शिकताना त्याच्याही फळ्या वाकड्या झाल्या असतील. योसेफाने त्या हळूच सरळ करून ठेवल्या असतील, की त्यालाच पुन्हा करायला लावल्या असतील? मला दुसरे खरे वाटते.

माझ्या शिक्षिका भगिनींना मी इतकेच सुचवेन. शिबिराला ‘हो’ म्हणण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून दिवस मोजा. मुलांकडून होईल ते स्वतः करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घरी ठेवून सेवेला जाण्याऐवजी, झेपेल तर बरोबर घ्या. आणि रविवारी दुपारी कात्री उचलू नका.

सासूबाईंचा डोळा आता बरा आहे. वाकळीचे काठ अजून राहिलेत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून रविवारी मिस्सेनंतर त्या थोडे थोडे घालतात. सुई आता त्यांना दिसते. तरी ओवायला त्या त्या मुलालाच बोलावतात.

प्रभो, आमच्या हातांना काम दे, आणि काम कुठे थांबवावे याची समजही दे. आमच्या मुलांचे वाकडे टाके तू आनंदाने स्वीकार. थकलेल्या आयांना विसावा दे, आणि ज्यांना आपला उपयोग संपला असे वाटते, त्यांच्यासमोर सुई ओवून देणारे एक लेकरू पाठव. आमेन.