मापाचें वाद्य

शिवाजीनगरहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्यें बसलें, कीं पुढचेंच स्थानक खडकीचें. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं येथल्या मैदानावर पेशव्यांची व इंग्रजांची लढाई झाली, आणि १८६९ सालीं येथें दारूगोळ्याचा कारखाना निघाला. त्यामुळें खडकी म्हटली, कीं वाचकांस तोफा व छावणी आठवावी, हें साहजिकच आहे. परंतु गेल्या महिन्यांत मी तेथें वडील बंधूंच्या घरीं गेलों, तेव्हां पाहावयास मिळाला तो एका वाद्याचा जन्म.

माझा पुतण्या आपल्या धाकट्या बहिणीसाठीं विजेची गिटार घडवीत होता. गच्चींत पटाशी, कानस आणि लांकडाचा भुसा पसरलेला. बंधूंची मुद्रा मात्र अप्रसन्न. आमच्या आजोबांचें घर उतरविलें तेव्हां राखून ठेविलेली सागवानी तुळई पुतण्यानें मागितली होती. “ज्या वाद्याला भोपळा नाहीं, त्याला नाद कोठला? बाजारांत तयार मिळतें तें आण, तुळईला हात लावूं नकोस,” असें बंधूंनीं बजाविलें.

पुतण्यानें शांतपणें उलगडा केला. पोलादी तारांखालीं लोहचुंबक असतो व त्याभोंवतीं तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारों वेढे. तार कंप पावली, कीं वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्याचा मोठा नाद करतो. अंग पोकळ असलें, तर ध्वनिवर्धकाचा आवाज त्यालाच पुनः हालवितो व कर्कश शीळ उठते. म्हणूनच १९५० च्या सुमारास अमेरिकेंत भरीव लांकडाची गिटार रूढ होऊं लागली.

“पण मग सबंध तुळईच लागणार!” बंधू म्हणाले.

“नाहीं बाबा. साग जड, सगळें अंग त्याचें केलें, तर ताईचा खांदा दुखेल. खालीं हलकें लांकूड आणि वर सागाची पातळ फळी. सागांत तेल असल्यानें तो गोंद नीट धरीत नाहीं. चिकटविण्यापूर्वीं तें पुसून काढावें लागेल.”

खरा पेंच लांबीचा होता. तारेच्या मोकळ्या लांबीचीं प्रचलित मापें दोन: फेंडरचें साडेपंचवीस इंच, गिब्सनचें पावणेपंचवीस. लांब तारेचा ताण अधिक, नाद खणखणीत. आंखूड तार दाबावयास मऊ, पडदेही जवळजवळ. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले असल्यामुळें सरकवितां येतात. गिटारच्या दांडींत मात्र खांचा पाडावयाच्या, आणि एकदां चुकलें तें चुकलेंच. पुतण्याचा ओढा खणखणीत नादाकडे. पण मुलीचा पंजा लहान. ती बिचारी “दादा म्हणेल तें,” एवढेंच बोलत होती.

बंधू उठले आणि मातुःश्रींचा मिरजेचा तंबोरा घेऊन आले. मिरजेचीं शिकलगार घराणीं पूर्वीं शस्त्रांना धार लावीत. तोच हात एकोणिसाव्या शतकांत तंतुवाद्यांकडे वळला. तेथल्या सतारींस व तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. बायकांच्या उंच स्वरासाठीं तेथें लहान, जनानी तंबोरा करतात. हा तसाच होता.

“आईसाठीं हा मुद्दाम लहान करविला. मोठ्या तंबोऱ्याचा गंभीर नाद तिलाही आवडे, पण गावयाचें तिला होतें,” बंधू म्हणाले. क्षणभर थांबून त्यांनीं पुतण्याकडे पाहिलें. “वाजविणार कोण, तूं कीं ती?”

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. साडेपंचवीसची खूण त्यानें खोडली.

मी निघालों, तेव्हां तुळईची हातभर लांबी बंधूंनीं स्वतः आंखून दिली होती. मुलगी उघड्या दांडीवर बोटें पसरून पाहत होती. “काका, आतां पोंचतात!” ती म्हणाली. बंधू मापाच्या फितीचें दुसरें टोंक धरून बसले होते.