बालेवाडीतले ५० मीटर

रविवारी पहाटे सहाला बालेवाडी? शिक्षाच! पण आठ वर्षांच्या भाचीची पहिलीवहिली पोहण्याची स्पर्धा, मग मावशीला सुटका कुठली! १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झालेल्या या संकुलातला ५० मीटरचा तलाव गॅलरीतून पाहिला आणि मलाच धडकी भरली.

पहिल्यांदाच जाणार असाल तर सांगते, शर्यत जेमतेम मिनिटभराची आणि वाट पाहणं पाच तासांचं. दोन टॉवेल, जादा गॉगल आणि भरपूर डबा हवाच. (कॅण्टीनच्या भरवशावर राहू नका.) वॉर्मअपनंतर मुलं कुडकुडत बसतात आणि आपण वर गॅलरीत. नाव पुकारलं की मूल एकटंच जातं. ताईला नेमकं तेच झेपत नव्हतं.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भाची तिसरी आली. आम्ही अक्षरशः नाचलो! आणि मग कळलं, ती बाद. भिंतीला दोन्ही हात एकदम लागावे लागतात, तिचा एकच लागला. ताई भांडायला उठली, मी हात धरून बसवलं. नियम आहे यार!

भाची वर आली तेव्हा ओठ थरथरत होते. ताईने काही न बोलता तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं. बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, ‘‘आई, डब्यात काय आहे?’’