धुराच्या दिवसांतलं सूत

होळी झाली की मंगरूळपीरला आमच्या गच्चीवर राख पडू लागते. काळी, लांबट, चिमटीत धरली की मोडणारी. होळीची राख दुसऱ्या दिवशी झाडून होते. ही मात्र मृग लागेपर्यंत येत राहते. कधी बरडावरचं गवत पेटलेलं असतं, कधी कुणी धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवलेले असतात, कधी वेचणी संपलेल्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे, ढीग. वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतं. उशीच्या अभ्र्याला धुराचा वास आला की आमच्याकडे तो लागला.

या दिवसांत मी घरात बसून सूत कातते आणि त्याचंच विणते. टकळी मला लहानपणी शाळेतच आली. तेव्हा सूतकताईचा तास असायचा आणि बाई आमचं सूत बोटाला गुंडाळून बघायच्या. पुढे मीही शिक्षिका झाले आणि टकळी सुटली. निवृत्तीनंतर सासूबाईंचा पेटी चरखा माळ्यावरून काढला. माळ नवी घातली, चातीला तेल दिलं आणि महिनाभर नुसते तुटके धागे काढले. आता दिवसाला अर्धी गुंडी होते. 640 तारांची एक गुंडी, एक तार चार फुटांची. म्हणजे एका गुंडीत पाऊण किलोमीटरहून जास्त सूत. सासूबाई हे तोंडी मोजत, माझ्या मात्र वहीत खुणा असतात.

कापसाला ओल लागते, हे मला चैत्र-वैशाखाने शिकवलं. पावसाळ्यात पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, तार अशी सळसळत निघते की हात थांबवावासा वाटत नाही. त्याच पेळूची तार एप्रिलमध्ये, पारा चव्वेचाळीसला टेकला की, हातभर झाली न झाली तोच तुटते. तंतू उडतात, बोटांना चिकटतात, पीळ धरत नाहीत. सूतगिरण्यांत हवेत मुद्दाम पाण्याचे फवारे सोडतात ते यासाठीच. आमच्या घरी ते काम कूलर करतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा अंगावर घेत चरखा चालवला की सूत निमूट निघतं.

पण कूलर बाहेरची हवा ओढतो. धूर असला की तो धूरच घरात आणून भरतो.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रातली एक संध्याकाळ मी विसरत नाही. गावाबाहेरचं बरड पेटलं होतं. गच्चीवरून आधी धुराचा पट्टा दिसला, मग अंधार पडल्यावर त्याखाली लाल रेघ. ती रेघ वाऱ्याबरोबर सरकत होती. घरात पाच वर्षांची नात, तिला आधीच बाळदमा. कूलर बंद केला, दारं-खिडक्या लावल्या, फटींना ओली लुगडी कोंबली. ओल्या कापडाने राख अडते, बारीक धूर अडत नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तेवढ्यात वीज गेली. पोरगी खोकत होती आणि रडत होती. तिला उशीला टेकवून उंच बसवलं, तिचं औषध दिलं, आणि काहीच सुचेना म्हणून शेजारी चरखा मांडला. अंधारातही चरखा चालतो. उजवा हात चाकावर, डाव्या चिमटीत पेळू. तार जाड झाली की बारीक हे बोटांनाच कळतं. फटीत कोंबलेल्या लुगड्यांमुळे खोलीत थोडी ओल होती, म्हणून तार टिकत होती. चाकाचा घर्रर्र आवाज ऐकत नात हळूहळू शांत झाली. खोकला मात्र पहाटेपर्यंत राहिला.

सकाळी कळलं, पलीकडच्या वस्तीतल्या एकाची कुटाराची गंजी आणि गोठा गेला. गुरं सोडवली म्हणून वाचली. ज्याच्या शेतातून आग निघाली तो भला माणूस आहे, माझा विद्यार्थी. दोन दिवसांनी येऊन ओट्यावर बसला. म्हणाला, "बाई, पऱ्हाटी पेटवली तवा वारं नव्हतं जी. मंग एकदम सुटलं." त्याला रागावण्याचं माझ्या मनात फार होतं, पण त्याचे हात भाजलेले पाहून शब्द फुटला नाही.

तो गेल्यावर डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. माझ्या मांडीवरचा पेळू आणि त्याच्या शेतातली आग, दोन्ही एकाच झाडाचे. बोंडातली रुई मी कातते आणि त्याच झाडाची काडी बांधावर जळते. माझ्या लहानपणी पऱ्हाटी जाळायला कुणी धजलं नसतं. ती चुलीत लागायची, तिच्या कुडाला शेणमाती लिंपून घरं उभी राहायची. गॅस आला, सिमेंटच्या भिंती आल्या, पऱ्हाटीला गिऱ्हाईक उरलं नाही. उपटायची मजुरी डोईजड झाली. त्यात 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, तेव्हापासून हंगाम संपला की पऱ्हाटी शेतात ठेवू नका, असं कृषी विभाग सांगतो. ते बरोबरच आहे, कारण अळी त्या काडीत, वाळक्या बोंडात दबा धरून बसते. पण काडी हटवायची म्हणजे पेटवायचीच असं नाही. श्रेडरने बारीक केली की ती जमिनीत जाते, खत होते. मात्र ते यंत्र वेळेवर मिळायला हवं आणि भाडं झेपायला हवं, हा शेतकऱ्याचा मुद्दाही खराच आहे.

धुऱ्यांच्या बाबतीत मात्र मला कुणाचीच बाजू घेववत नाही. धुऱ्यावरचं गवत जळलं की शेजारची बाभूळ जळते, बोर जळते, ठिणगी बरडावर जाते. टिटवी याच महिन्यांत उघड्या जमिनीवर अंडी घालते. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आमच्यापासून लांब नाही. तिथलं सगळं जगणं गवतावरच, आणि वाळल्या गवताला एक विडीही पुरते.

त्या रात्रीच्या सुताला धुराचा वास लागला होता. त्याचे दोन पदर एकत्र पिळले, रिठ्याच्या पाण्यात भिजवले, लड पिळून खाली वजन बांधून सावलीत वाळवली. वास तिसऱ्या धुण्याला गेला. लोकरीसारखं हे सूत ताणलं जात नाही, म्हणून सुया एक नंबर बारीक घ्याव्या लागतात, नाहीतर विणलेलं लोंबतं. दोन सुलट, दोन उलट अशा पट्टीचं मी नातीला बिनबाह्यांचं जाकीट विणलं. उन्हाळ्यात घाम टिपतं आणि टोचत नाही.

तेव्हापासून मी पेळूंची तयारी संक्रांतीच्या आसपासच उरकते. पिंजताना उडणारा भुरा बंद घरात छातीला धुराइतकाच वाईट, म्हणून ते काम थंडीत, उघड्या अंगणात. पेळू पत्र्याच्या डब्यात, घट्ट झाकण लावून. कातत असताना जवळ दिवा, उदबत्ती काही नाही. मोकळी रुई बघता बघता पेट घेते. धूर असेल त्या दिवशी कातणं बंद करून विणकाम हाती घेते. विणायला ओल लागत नाही, कूलर नसला तरी चालतो.

माझ्या तालुक्यातल्या शेतकरी भावांना हात जोडून सांगणं आहे: धुरा पेटवू नका, विळ्याने कापा; ते गवत गुरांना होतं. पऱ्हाटीसाठी चार-पाच जणांनी मिळून श्रेडर आणा. आणि जंगलात, माळावर आग दिसली तर वनखात्याच्या 1926 या नंबरवर लगेच फोन करा, गावात असेल तर 101 वर. आमच्या गल्लीत खोकणारी अजून चार लेकरं आहेत.