नक्को आणि पाप

सातव्या महिन्यातच डॉक्टरांनी लेकीला प्रवास करू नका म्हणून सांगितलं. मग माहेरच तिच्याकडे गेलं. मी सांगलीहून पापड, डिंक, आळीव बांधून हैदराबादला पोचले. जावईबापू दिवसभर ऑफिसात, लेक अंथरुणावर, आणि दारात येणाऱ्या माणसांशी बोलायला मी!

माझी खरी काळजी जेवणाची होती. कांदा-लसूण नको, बटाटा नको, दिवस मावळल्यावर काहीच नको. आपलं अर्धं बोलणं ‘नको’वरच चालतं ना! पहिल्याच दिवशी भाजीवाले चाचा गाडीवरून कांदे उचलायला लागले तसं घाईत तोंडातून मराठीच निघालं, “कांदा नको, नको!” ते हसले. “हौ अम्मा, प्याज नक्को.” मी बघतच राहिले. इथल्या दख्खनीत आपला ‘नको’ शतकानुशतकं नांदतोय, ‘ऐसाइच’मध्ये आपला ‘च’सुद्धा आहे. 1956 पर्यंत आपला मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते, पण हा शब्द त्याच्याही कितीतरी आधीचा.

वॉचमनची बायको मात्र फक्त तेलुगू बोलायची. तिच्याकडून मी ‘वद्दू’ शिकले, म्हणजे नको. एकदा ओंजळभर कोवळा पाला घेऊन आली आणि म्हणाली, “चिंत, चिंत.” मी तिची समजूत घालायला लागले, चिंता कशाला करतेस बाई! तिनं पाला माझ्या तोंडात घातला. आंबट. चिंचेचा! त्या दिवशी वरणात तोच घातला.

लेकीला कळा सुरू झाल्या त्या मध्यरात्री. जावईबापू औषधं आणायला खाली गेलेले, मी दाराबाहेर णमोकार म्हणत बसलेली. दोन तास झाले. आतून एकदा लेकीचा आवाज आला आणि मग सगळं शांत. दार उघडून आयाबाई आली, माझा हात धरून म्हणाली, “अम्मा, पाप! पाप!”

माझे पायच गळाले. कसलं पाप? कुणाचं? बाई हसत का होती तेही कळेना. मी भिंतीला टेकून खाली बसले. तिनं पाणी आणलं, पुन्हा तेच म्हणाली. शेवटी स्ट्रेचर ढकलणारा मुलगा थांबला. “रोते कायकू अम्मा? बच्ची हुई. तेलुगू में छोटी बच्ची कू पाप बोलते.”

मग मी रडले ती खरी.

सासूबाईंना फोनवर ही गंमत सांगितली तर त्या रागावल्याच. “लेकराला असलं काही म्हणू नये गं.” आता काय सांगणार त्यांना! वॉचमनची बायको रोज सकाळी दारातून विचारायची, “पाप एम् चेस्तोंदी?” आणि मी आतून हळूच म्हणायची, “निद्रा.” ते तिला बरोबर कळायचं. चपला न वाजवता निघून जायची.