इशारा

‘इशारा’ या शब्दापाशी माझा वर्ग दरवर्षी अडतो. मराठीच्या तासाला हवामान खात्याचा इशारा म्हणजे धोक्याची सूचना. पुढच्या तासाला तीच मुलं उर्दूचं पुस्तक उघडतात आणि तिथे इशारा म्हणजे नुसती खूण, डोळ्याने किंवा बोटाने दाखवलेली दिशा. धोक्याची सूचना द्यायला उर्दूत ‘तंबीह’ हा वेगळा शब्द आहे. “टीचर, मग खरा अर्थ कोणता?” दोन्ही खरे, असं मी सांगते आणि पुढे जाते. यंदा मात्र हा फरक बोटीच्या इंजिनाने माझ्यापुढे आणून ठेवला.

माझी मोठी बहीण रत्नागिरीच्या राजिवड्यात दिलेली. घरासमोर भाट्याची खाडी. दुल्हाभाईंची छोटी फायबरची होडी आहे आणि तिच्या मागे गेल्या वर्षी घेतलेलं जुनं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड. सोबत मिळालेलं माहितीपुस्तक इंग्रजीत. म्हणून भाचा त्याच्या पानांचे फोटो मला मरोळला पाठवतो आणि मी डब्याच्या सुट्टीत मराठी करून सांगते. इंजिनाला मी हातही लावलेला नाही, पण धडा समजावून सांगणं हा तर माझा पेशाच.

फेब्रुवारीत त्याने फोटो नाही, आवाज पाठवला. एक सलग, चिरका ‘पींऽऽऽ’. “खाला, हे काय बोलतंय?”

पुस्तकात शोधलं. बहुतेक आउटबोर्ड इंजिनं दोन गोष्टींसाठी ओरडतात : अंग तापलं म्हणून, किंवा तेलाचा दाब उतरला म्हणून. कुठल्या आवाजाचा अर्थ काय, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. किल्ली फिरवताच येणारी छोटी ‘पीं’ कित्येक इंजिनांत केवळ भोंगा शाबूत असल्याची खूण असते. चालू इंजिनातून येणारा सलग आवाज मात्र तसा नसतो.

मोटारगाडीसारखा रेडिएटर या इंजिनाला नाही. पाण्यात बुडालेल्या पायाला जाळी असते. आतला रबरी पंख्यांचा पंप त्या जाळीतून समुद्राचंच पाणी वर ओढतो, ते इंजिनाभोवती फिरतं आणि परत समुद्रात जातं. त्यातली एक बारीक धार मागच्या भोकातून बाहेर दिसते. ती धार काय काय म्हणून ओळखली जाते ते इथे लिहिणार नाही. भाच्याने सांगितलं तेव्हा स्टाफरूममध्ये मला तोंडाला ओढणी लावावी लागली. पण निदान तिथूनच सुरू होतं. धार आहे का? नेहमीच्या जोराची आहे का?

धार दोऱ्याएवढी झाली होती. मग होडी सुरक्षित जागी आणून इंजिन बंद करायचं, पाय पाण्याबाहेर उचलायचा आणि जाळी बघायची. जाळीला दुधाची पिशवी चिकटलेली होती. ती काढली, धार जोरात आली, थोड्या वेळाने भोंगाही गप्प झाला. पिशवी नसती तर भोकात बारीक तार घालून बघायचं, कारण कधी फक्त तेवढंच मिठाने किंवा वाळूने बुजलेलं असतं. तेही नसेल तर पंपाचं रबर झिजलं असणार. हा पंप पाण्याबाहेर कोरडा चालवला तर काही सेकंदांत खराब होऊ शकतो. किनाऱ्यावर ‘जरा सुरू करून बघू’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ती पिशवी राजिवड्याची असेल. पण मरोळमध्ये मिठीच्या पुलावरून जाताना मी खाली पाहते तेव्हा माहीमच्या कोळ्यांच्या होड्या आठवतात. विहार-पवईकडून येणारी ही नदी मरोळवरून पुढे माहीमच्या खाडीलाच मिळते. आपण पुलावरून भिरकावलेली पिशवी कुणाच्या जाळीला जाऊन चिकटेल, काय सांगावं.

मार्चमध्ये भोंगा पुन्हा वाजला. यावेळी धार चांगली होती. दुल्हाभाईंनी धक्क्यावरच्या एका मेकॅनिकला बोलावलं, त्याने झाकण काढलं, भोंग्याची तार कापली आणि म्हणाला, सेन्सर बिघडलाय. सगळे खूश. दुल्हाभाई तर म्हणाले, बरं झालं, त्या आवाजाने मासळी पळत होती.

त्या माणसाला मी सरसकट मूर्ख म्हणणार नाही. खाऱ्या हवेत तारांची टोकं गंजतात, सेन्सर खोटं बोलतात, हे होतंच. पण सेन्सर खोटा आहे असं म्हणण्याआधी पाणी आणि तेल दोन्ही तपासावं लागतं. त्याने एकही तपासलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात भाचा म्हणाला, “खाला, आता ओरडत नाही, पण मध्येच जोर सोडतं. मूठ पिळली तरी वेग घेत नाही.”

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आदल्याच रात्री ते पान मी वाचलं होतं. अशा इंजिनांत भोंग्यासोबत दुसरी व्यवस्थाही असते : धोका जाणवला की इंजिन स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच उतरवतं. तार कापून भोंगा मेला, ही व्यवस्था जिवंतच राहिली. म्हणजे यापुढे पहिली खबर मिळणार ती वेग गेल्यावर. आणि वेग कुठे जाईल? मांडवीकडे खाडीच्या तोंडावर गाळ साचलेला, ओहोटीचं पाणी बाहेर धावतंय, समोरून लाट फुटतेय. तिथे इंजिन शाबूत राहिलं आणि होडी आडवी झाली तर काय उपयोग? तिथे इंजिन बंद करून जाळी बघतही बसता येत नाही. नांगर आणि वल्ही हाताशी हवीत, आणि मुख्य म्हणजे तोंडाशी पोचण्याआधी कळायला हवं.

मी बहिणीला फोन केला. भाच्याला नाही, दुल्हाभाईंनाही नाही. बाकीचं तिने केलं. काय बोलली ते तिने सांगितलं नाही, पण त्या दिवशी होडी बाहेर गेली नाही.

इंजिन बंद, सरळ उभं, थोडा वेळ थांबून तेलाची पट्टी काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली. फिल्टरच्या बुडाशी तेलाचा ओघळ होता, रबरी कडी निसटलेली. फिल्टर नवा बसवला, पुस्तकातल्या प्रतीचं तेल खुणेपर्यंत भरलं आणि तार जोडायला लावली. किल्ली फिरवताच छोटी ‘पीं’ झाली, मग शांत. तेल पुरेसं असूनही भोंगा वाजत राहिला असता, तर इंजिन पुन्हा चालू न करता वर्कशॉपला न्यायचं होतं.

मेकॅनिकने आवाजाला मराठीतला इशारा मानलं : धमकी, म्हणून गप्प करा. भाच्याने उर्दूतला मानला : बोट कुठे दाखवतंय ते बघा. ‘अक़्लमंद को इशारा काफ़ी’ आणि ‘शहाण्याला शब्दाचा मार’ या दोन म्हणी मी यंदा एकाच तासाला घेतल्या.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद. होडी वर ओढली की पंपाचं रबर बदलायचं ठरलंय, आणि त्याआधी इंजिन गोड्या पाण्याने आतून धुवायचं. भाच्याने त्या पानांचेही फोटो पाठवलेत. एक धूसर आलाय, तो परत मागवला आहे.