मुचलिंदाच्या पोटातले जंत

आमची मुलगी इंग्लंडात लेस्टर येथे परिचारिका आहे. तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे २०२३ च्या सप्टेंबरात तिकडे गेलो आणि थंडी संपत आली तेव्हा परतलो. परदेशातले बाळंतपण, तिथली थंडी, डिंक-मेथीचे लाडू यांवर पुष्कळांनी लिहून झाले आहे. आम्हांला लिहावयाचे आहे ते एका सापाबद्दल. भगिनींनी दचकू नये, साप बिनविषारी होता.

नातू चौदा वर्षांचा. त्याच्या खोलीत काचेच्या पेटीत चार फुटी, तांबूस पट्ट्यांचा साप होता. त्याला कॉर्न स्नेक म्हणतात. मूळचा अमेरिकेचा, शेतातल्या उंदरांवर जगणारा. आपल्या धामणीचा लांबचा भाऊबंद म्हणा. तिकडे असा साप पाळावयास परवाना लागत नाही. आपल्या देशात मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे इथले साप पकडून घरात ठेवणे गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी मुलाने हट्ट धरू नये.

नातवाने त्याचे नाव मुचलिंद ठेवले होते. बुद्धत्व प्राप्त झाल्यावर भगवान ध्यानात बसले असता वादळी पाऊस आला आणि मुचलिंद नागराजाने फणा धरून त्यांना झाकले, ही गोष्ट त्याने तिथल्या विहारात ऐकली होती. आम्ही नागपूरचे, नाग नदीच्या काठचे. दीक्षेसाठी नागपूरच का निवडले याचे कारण बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात सांगितले, त्यात नाग लोकांचाच उल्लेख आहे. आदल्या दिवशी आम्हां दोघांचेही वडील त्या पटांगणात होते. त्यामुळे नाव ऐकून आम्हांला भीतीपेक्षा कौतुकच वाटले. तरी पहिला महिनाभर त्या खोलीचा उंबरा आम्ही ओलांडला नाही, हे कबूल केले पाहिजे.

नोव्हेंबरात बाळ झाले. घर पाहुण्यांनी आणि लंगोटांनी भरले. नातवाकडे कुणाचे लक्ष नव्हते. एका सकाळी त्याच्या खोलीतून घाण वास आला म्हणून आम्ही आत गेलो. पेटीत अर्धवट पचलेला उंदीर ओकून टाकलेला होता आणि पोरगा कागदाने पुसत होता. आम्हांला पाहून तो रडू लागला. "आजी, मम्मीला नको सांगू. ती त्याला देऊन टाकेल."

हळूहळू सगळे बाहेर आले. उन्हाळी सुटीत एका मित्राचा अजगराच्या जातीचा साप त्याने आपल्या पेटीत सांभाळला होता. तो साप जंगलातून पकडून आणलेला होता, हे त्याला मागाहून कळले. त्यानंतर मुचलिंद रोडावत गेला, पाठीचा कणा वर दिसू लागला, खाल्लेले ओकू लागला. पोरगा दोन महिने हे एकटा पाहत होता. त्याने एका वहीत दर रविवारचे वजन लिहून ठेवले होते: ४८० ग्रॅम, ४६५, ४४०, शेवटी ४१२. ती वही पाहून आम्हांला बोलवेना.

आम्ही त्याच्या आईला सांगितले. लपवालपवीत आम्ही सामील होणार नव्हतो. ती व्हायचे तेवढे रागावली आणि तिचे चुकलेही नव्हते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. मोठ्या माणसाला जुलाब होऊन भागते, पण तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. ती परिचारिका, तिला हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक. शेवटी जावईबापूंनी तोड काढली. पेटी माळ्यावरच्या खोलीत गेली, तिची भांडी आणि चिमटा वेगळे, ती स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायची नाहीत, सापाला हात लावला की साबणाने हात धुवायचे आणि ते कपडे घालून बाळाला घ्यायचे नाही. आणि साप डॉक्टरकडे जाणार.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा ताजी विष्ठा मागितली. वाळलेली चालत नाही. साप काही रोज शौचाला जात नाही. खाल्ल्यावर चार-सहा दिवसांनी एकदा. आम्ही पाळी लावून पहारा केला! मिळाली ती डबीत घालून नातू फ्रीजमध्ये ठेवावयास निघाला, तिथे लिंबाच्या लोणच्याशेजारी. मग जी ओरड झाली ती झाली. बाहेर थंडी होतीच, डबी मागच्या दारी ठेवली.

बाईंनी आम्हांलाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. पातळ कवचाची, लांबट गोल अंडी, आत पेशींचा पुंजका. सापांना होणारा हा एक प्रकारचा अंकुशकृमी. जठरात आणि आतड्याच्या वरच्या भागात चिकटून तिथे जखमा करतो. त्याला मधला दुसरा प्राणी लागत नाही. एकाच्या विष्ठेतून अळ्या निघतात, त्या ओल्या भुशातून, पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात जातात. म्हणून जंगलातला साप पेटीत आला की पेटीच दूषित होते. नवीन आणलेला प्राणी निदान दोन-तीन महिने वेगळा ठेवावा असे म्हणतात ते याचसाठी. दुसरीही अंडी होती, पण ती खाल्लेल्या उंदराच्या पोटातल्या कृमींची, नुसती वाटसरू. त्यांना औषध नको, असे बाई म्हणाल्या. सारखा ओकणारा आणि पोटाच्या मध्यभागी फुगलेला साप असेल तर क्रिप्टोस्पोरिडियम हा वाईट आजारही असू शकतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. त्याची वेगळी तपासणी झाली. तो निघाला नाही.

नातू काचेवरून डोळा काढीना. आमची गत निराळी होती.

आमचा थोरला १९७४ चा. चौथ्या वर्षी तो माती खाऊ लागला. चेहरा सुजल्यासारखा, नखे पांढरी, दोन पावले चालला की धापा टाकायचा. सगळी वस्ती उघड्यावर बसायची आणि पोरे तिथेच अनवाणी खेळायची. आमच्या घरी भिंतीवर बाबासाहेब होते, बावीस प्रतिज्ञा पाठ होत्या. तरीही म्हातारी माणसे बाहेरची बाधा आहे म्हणाली आणि आम्ही देवऋषाकडे गेलो. दोन आठवडे उतारे केले, लिंबे ओवाळली. दवाखान्यात नेले तेव्हा अंगात रक्त उरले नव्हते आणि छातीत कफ भरला होता. तपासणीत अंकुशकृमी निघाले. माणसाचा कृमी वेगळा, सापाचा वेगळा, पण बाईंच्या तोंडून ते नाव ऐकले आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. थोरल्याच्या आजाराचा उतारा नेमका कुणी सुचवला, यावर आम्ही दोघे आयुष्यात एकदाही बोललेलो नाही. तिथेही बोललो नाही.

औषध फेनबेंडाझोलचे होते. आपल्याकडे २०१५ पासून कृमिनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत मुलांना जी अल्बेंडाझोलची गोळी देतात, त्याच कुळातले. मात्रा वजनावर, आणि वजन ग्रॅममध्ये. जास्त झाली तर सापाच्या रक्तावर परिणाम होतो, म्हणून घरच्या अंदाजाने देऊ नये. बाईंनी बारीक नळीने पोटात सोडले. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण आधीची अंडी-अळ्या त्या अवधीत मोठ्या होतात. तोवर लाकडाचा भुसा टाकून दिला, जुनी लाकडे फेकली आणि रोज बदलता येईल असा साधा कागद अंथरला. पाण्याचे भांडे रोज उकळत्या पाण्याने धुवायचे. हे काम आम्ही आपणहून घेतले.

दुसऱ्या मात्रेच्या आदल्या रात्री नातवाने विचारले, "आबा, आपण पाणातिपाताचं शील घेतो. मग हे जंत मारणं पाप नाही का?"

पोराला उडवून लावता आले असते. आम्ही त्याला बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधले सांगितले, की मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक आहे आणि अहिंसा हा विचार करून पाळावयाचा सिद्धांत आहे. अंगुत्तर निकायातले अहिराज सुत्तही सांगितले. सर्पदंशाने एक भिक्खू मेला तेव्हा भगवंतांनी साप मारा असे सांगितले नाही, सर्पांच्या चार कुळांविषयी मैत्री ठेवा असे सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मुचलिंदावर मैत्री आणि जंतांना औषध?" आम्ही हो म्हणालो. तो जे उंदीर खातो त्यांचे काय, हे त्याने पुढे विचारले. उंदीर गोठवलेले, दुकानातून आणलेले असले तरी कुणीतरी मारलेलेच. त्यावर आमच्यात एकमत झाले नाही, अजूनही नाही.

त्याच रात्री थोरल्याची हकिगत आम्ही त्याला सांगितली. त्याला एक मामा होता, हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याच्या आईलाही फार ठाऊक नव्हते, ती मागाहूनची. "नाव काय होतं?" त्याने विचारले. राहुल, आम्ही सांगितले.

फेब्रुवारीत तिसऱ्यांदा विष्ठा तपासली, अंडी नव्हती. आम्ही निघालो त्या रविवारी नातवाने वहीत ४५८ लिहिले. परवा फोनवर ५१० म्हणाला.